पट्टीच्या वर

कॉन्स्टान्त्साहून बसने दोन तास,
टॉवेलात गुंडाळलेली हार्ड डिस्क मांडीवर.
हर्शोवाला उतरले तेव्हा बोटं वळत नव्हती.
पाणीमोजणीच्या कचेरीत एकच खोली, एक स्टोव्ह,
आणि टेबलाखाली
बुटांनी ढकलून ढकलून मातकट झालेला कॉम्प्युटर,
नव्व्याण्णव सालचा.
"मरतच नाही मेला," एव्दोकिया म्हणाली,
कौतुकाने की वैतागाने, कळलं नाही.

दोनशे जीबी आणली होती.
त्याने वाचली बत्तीस.

अंथरूण पाहून पाय पसरावेत, ठीक,
पण इथे अंथरूण या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत
आणि हा कोपऱ्यात, गुडघे पोटाशी घेऊन.
दोष माझाच. डिस्कच्या पाठीला
तांदळाच्या दाण्याएवढा जंपर मीच लावला होता :
कमी सांग, नाहीतर तो बिचकेल.
काढला. तो बिचकला.
काळा पडदा, डाव्या कोपऱ्यात लुकलुकणारी रेघ,
चहा होऊन, निवून, साय धरली तरी तीच रेघ.

जंपर परत लावला. मग फ्लॉपी.
बायोस नव्याने लिहायचा म्हणजे
झोपलेल्या माणसाला त्याचं नाव विसरायला लावायचं
आणि दुसरं शिकवायचं.
मध्येच वीज गेली तर तो उठत नाही.
बाहेर क्रिवात्स वारा, तारा घुमत होत्या.
एव्दोकियाने न सांगता दिवा मालवला,
रेडिओवरच्या बाईला अर्ध्या वाक्यात गप्प केलं
आणि प्लगवर हात ठेवून उभी राहिली,
जणू वीज हातानेच धरून ठेवायची होती.
तीन मिनिटं.

जंपर पुन्हा काढला.
एकशे सदतीस.

इथवर पुष्कळ येतात नि इथेच अडतात.
पत्ता लिहायला याच्याकडे अठ्ठावीस घरं,
प्रत्येकात शून्य किंवा एक. ती भरली
की पुढे जागा असते,
पण तिला हाक मारता येत नाही.

हे मी एव्दोकियाला सांगत होते.
ऐकलं पंफिलने,
जो नोकरी सुटल्यावरही शेकायला येऊन बसायचा.
"माझी पट्टी सातशेपर्यंत होती," तो म्हणाला.
"धक्क्याला ठोकलेली, लाकडी. त्या वसंतात
पाणी सातशेला आलं, आणि मग पट्टीच दिसेना."
मग काय लिहिलंत?
"सातशे."
स्टोव्हचं दार त्याने बुटाने लोटलं.
"अकरा दिवस सातशे. वही बघ.
वहीत नदी अकरा दिवस गप्प पडून आहे.
घरात चौथ्या दिवशी पाणी
तसबिरीतल्या संत निकोलायच्या दाढीला लागलं होतं."

मी काही बोलले नाही. पिशवीच्या तळातून
हिरवं कार्ड काढलं, महागाचं,
न लागलं तर परत करायचं म्हणून आणलेलं.
शेवटच्या रिकाम्या खाचेत दाबलं,
अंगठ्यावर वळ उठेपर्यंत.
याला अठ्ठेचाळीस घरं मोजता येतात.

एकशे शहाऐंशी.

"दोनशे म्हणाली होतीस."
कंपनीचा हजार हजाराचा, मी म्हटलं,
आणि याचा एक हजार चोवीसचा.
दोन दुकानं, दोन शेर. गेलं काहीच नाही.
एव्दोकियाने पावतीवर एकशे शहाऐंशीच लिहिलं
आणि खाली दोन रेघा मारल्या.

परतीची बस सहाला होती. तोवर
जुन्या वह्या स्कॅन करून पाहिल्या,
त्यांच्यासाठीच तर एवढी जागा.
पंफिलने पान स्वतः काचेवर ठेवलं, सरळ केलं,
पुन्हा सरळ केलं.
सातशे, सातशे, सातशे,
शाई एकाच दौतीची,
बाराव्या ओळीला सहाशे ब्याण्णव.
आणि समासात, अकरांच्या शेजारी,
पेन्सिलीची एक बारीक रेघ
वर वर गेलेली, पानाच्या कडेपर्यंत,
तिच्यापुढे आकडा नाही.

फाइल चारशे केबीची झाली.